टोपीवरचा चेहरा

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आमच्या घरी दारामागच्या खुंटीवर एक हिरवी टोपी गेली कित्येक वर्षं टांगलेली आहे. ती मी घालत नाही आणि टाकूनही देत नाही. बायको दर दिवाळीला साफसफाई करताना विचारते, "ही ठेवायची का?" मी म्हणतो, "राहू दे." आज त्या टोपीची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट आहे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संघाचं नाव आणि बोधचिन्ह यांची. पण ती सांगताना मला माझी स्वतःचीही एक चूक सांगावी लागणार आहे.

मी रायगड जिल्ह्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होतो. २००८च्या डिसेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स या गावी गेलो. जावई तिथल्या विद्यापीठात विमानविद्येच्या विभागात नोकरीला होते. हे राज्य अमेरिकेच्या नकाशात अगदी वर, कॅनडाला लागून आहे. सगळीकडे तळहातासारखी सपाट जमीन आणि जानेवारीत उणे पंचवीस-तीस अंशांची थंडी. गावातली नदीसुद्धा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. अशा गावात हिवाळ्यात माणसं करतात तरी काय? तर बर्फावरची हॉकी बघतात. आपल्याकडे क्रिकेटचं जसं वेड, तसं तिथं आइस हॉकीचं. विद्यापीठाच्या संघानं तोपर्यंत सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं.

नातू महिन्याचा झाल्यावर जावई मला सामन्याला घेऊन गेले. रिंगणाची ती इमारत बघून मी थक्क झालो. साडेअकरा हजारांहून जास्त प्रेक्षक बसतील एवढी जागा, गुबगुबीत चामडी खुर्च्या, ग्रॅनाइटची फरशी. आणि जिकडेतिकडे एकच चेहरा. एका आदिवासी योद्ध्याचा, एका बाजूनं दिसणारा, गालावर रंगाचे पट्टे, केसांत पिसं. फरशीत तोच, भिंतीवर तोच, खुर्च्यांच्या रांगांच्या कडेलाही तोच. साऱ्या इमारतीत मिळून असे काही हजार चेहरे आहेत, असं जावयांनी सांगितलं.

सामन्याआधी राष्ट्रगीत झालं. सगळे उभे होते, शांत. आणि शेवटच्या शब्दाला एकदम सगळं रिंगण गर्जलं. गीतातला शेवटचा शब्द बाजूला सारून त्या जागी सगळ्यांनी आपल्या संघाचं नाव घेतलं होतं. अंगावर काटा आला माझ्या. परत निघताना जावयांनी मला त्या चेहऱ्याची हिरवी टोपी घेऊन दिली. मी ती तिथंच डोक्यावर चढवली.

त्या संघाचं नाव होतं 'फायटिंग सू'. इंग्रजीत लिहिताना त्यात बरीच अक्षरं येतात, काही मराठी पुस्तकांत 'सिऊ' असंही वाचलेलं आठवेल, पण उच्चार नुसता 'सू'. सू हे त्या मैदानी प्रदेशातले मूळ रहिवासी. 'फायटिंग सू' म्हणजे लढवय्ये सू.

आता हे नाव आलं कुठून? विद्यापीठ १८८३ सालचं, म्हणजे नॉर्थ डकोटाला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्याही सहा वर्षं आधीचं. सुरुवातीला संघाचं नाव होतं 'फ्लिकरटेल'. ही त्या मुलखातली, जमिनीत बिळं करून राहणारी एक खार. बिळाच्या तोंडाशी उभी राहून शेपटी झटकते, आणि धोका दिसला की सुर्रकन आत. आता अडचण अशी, की शेजारच्या फार्गो गावातल्या कृषी महाविद्यालयाचा संघ हा कट्टर प्रतिस्पर्धी, आणि त्यांचं नाव 'बायसन'. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा तिकडला चुलतभाऊ. खारीनं गव्याशी झुंज द्यायची म्हणजे हसंच व्हायचं.

म्हणून १९३० साली नाव बदलायचं ठरलं. विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात तेव्हा 'सू' या नावाच्या बाजूनं जी कारणं मांडली गेली, ती मोठी मजेशीर आहेत. एक म्हणजे, बायसनचा फडशा पाडण्यात सू लोक पटाईत. दुसरं, ते लढाऊ आणि देहानं रुबाबदार. आणि तिसरं, 'सू' या शब्दाला घोषणांसाठी आणि गाण्यांसाठी सहज यमक जुळतं. झालं, नाव पक्कं.

या तिन्ही कारणांत वाईट हेतू कुठंच दिसत नाही. उलट कौतुकच आहे. पण त्या साली परिस्थिती काय होती, तेही पाहायला हवं. सू लोकांचा प्रसिद्ध नेता सिटिंग बुल १८९०च्या डिसेंबरात स्टँडिंग रॉक या त्यांच्या राखीव प्रदेशात मारला गेला. म्हणजे नाव घेतलं गेलं, त्याच्या आधी फक्त चाळीस वर्षं. त्याला पाहिलेली माणसं अजून हयात होती. अमेरिकेतल्या सर्व आदिवासींना नागरिकत्व मिळालं ते १९२४ साली, म्हणजे जेमतेम सहा वर्षांपूर्वी. मैदानातले बायसन केव्हाच संपवले गेले होते, आणि ते सू लोकांनी संपवले नव्हते. असा हा समाज राखीव प्रदेशात हलाखीत राहत असताना, तिकडे विद्यापीठात त्यांच्या नावाला यमक शोधलं जात होतं. नाव घेऊ का, असं त्यांना विचारावं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

आणखी एक गंमत. 'सू' हे त्या लोकांचं स्वतःचं नावच नाही. त्यांचे जुने प्रतिस्पर्धी ओजिब्वे लोक त्यांना जे म्हणत, तो शब्द फ्रेंच व्यापाऱ्यांनी ऐकला आणि मोडूनतोडून त्याचं 'सू' केलं. मूळ शब्दाचा अर्थ 'छोटे साप' किंवा 'शत्रू' असा सांगितला जातो. ते लोक स्वतःला म्हणवतात डकोटा, लकोटा. त्याचा अर्थ मित्र, सोबती. राज्याला नाव मिळालं ते मित्राचं, आणि संघाला मिळालं ते शत्रूनं ठेवलेलं.

चेहऱ्याची कथाही अशीच. मध्यंतरी काही वर्षं हॉकी संघानं शिकागोच्या एका व्यावसायिक संघाच्या चिन्हातला आदिवासी चेहरा उसना घेतला होता. मग १९९९ साली नवं बोधचिन्ह आलं, तेच माझ्या टोपीवरचं. ते काढलं बेनेट ब्रायन या चित्रकारानं. तो याच विद्यापीठात शिकलेला आणि स्वतः आदिवासी. पण सू नव्हे, ओजिब्वे. चित्र देखणं आहे, त्याची टिंगल अजिबात नाही. "आदिवासी कलाकारानं काढलेलं आहे, मग अपमान कसला?" असं त्या चिन्हाचे चाहते म्हणत, आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही.

पण एखादं चिन्ह गर्दीच्या हाती गेलं, की त्याचं काय होईल हे चित्रकाराच्या हातात राहत नाही. १९७२ साली विद्यापीठाच्या हिवाळी उत्सवात विद्यार्थ्यांच्या एका गटानं आदिवासी स्त्रीचा बीभत्स बर्फाचा पुतळा केला होता. त्यावरून मारामारी झाली आणि एका आदिवासी विद्यार्थ्याला तुरुंगाची हवा खावी लागली. १९९२च्या मिरवणुकीत पारंपरिक पोशाखातल्या आदिवासी मुलांची काही विद्यार्थ्यांनी हुर्यो उडवली. आणि प्रतिस्पर्धी संघाचे प्रेक्षक तर हव्या त्या घोषणा द्यायला मोकळेच. शिव्या हॉकीच्या संघाला द्यायच्या, पण त्या लागायच्या एका समाजाला.

विरोध वाढत गेला तसं नाव राखणाऱ्यांचं बळही वाढलं. ते रिंगण ज्यांनी बांधून दिलं, त्या राल्फ एंगलस्टॅड यांची गोष्ट ऐका. हे गृहस्थ विद्यार्थिदशेत याच संघाचे गोलरक्षक होते. पुढं लास वेगासमध्ये हॉटेल आणि कॅसिनो काढून गडगंज झाले. जुन्या विद्यापीठासाठी त्यांनी दहा कोटी डॉलर्सच्या वर खर्च करून हे रिंगण बांधायला घेतलं. काम अर्ध्यावर असताना, डिसेंबर २०००मध्ये, त्यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. सारांश असा, की 'सू' हे नाव राहणार नसेल तर बांधकाम थांबवतो आणि आतली ऊबही बंद करतो. उणे तिसाच्या थंडीत अर्धवट इमारतीची ऊब बंद करायची म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी राज्याच्या उच्च शिक्षण मंडळानं एकमतानं ठराव केला, नाव राहील. पुढच्या वर्षी रिंगण उघडलं, हजारो चेहऱ्यांसकट. ते चेहरे ग्रॅनाइटमध्ये बसवलेले. उद्या कुणी काढायचं म्हटलं, तर सहजी निघू नयेत.

पुढं ऑगस्ट २००५मध्ये महाविद्यालयीन खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संघटनेनं नियम केला. अपमानकारक वाटतील अशी आदिवासी नावं आणि चिन्हं असलेल्या अठरा संस्थांना अजिंक्यपदाच्या सामन्यांचं यजमानपद मिळणार नाही, आणि त्या सामन्यांत ती चिन्हंही मिरवता येणार नाहीत. त्यातल्या काहींना मात्र सूट मिळाली. फ्लॉरिडा राज्य विद्यापीठाचा संघ 'सेमिनोल'. तिथल्या सेमिनोल जमातीनं जाहीर पाठिंबा दिला, आणि नाव राहिलं. युटा विद्यापीठाचं 'यूट' हे नावही असंच राहिलं. म्हणजे आदिवासी नाव नकोच, असा आग्रह नव्हता. प्रश्न एवढाच होता, ज्यांचं नाव आहे त्यांना विचारलंत का?

नॉर्थ डकोटा विद्यापीठ कोर्टात गेलं. २००७ साली तडजोड झाली. स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक या राज्यातल्या दोन सू जमातींची संमती तीन वर्षांत मिळवा आणि नाव खुशाल ठेवा. १९३० साली जे विचारायचं राहून गेलं, ते विचारायला असे सत्त्याहत्तर वर्षांनी लोक निघाले.

मी गेलो तो नेमका या तीन वर्षांच्या मधला काळ. गावात दुसरा विषय नव्हता.

मुलीच्या घरी, बाळाचं वजन आणि तब्येत बघायला एक नर्स यायच्या. पन्नाशीच्या, बोलायला अगदी शांत. स्पिरिट लेकच्या. एकदा मी बाहेरून आलो तो टोपी डोक्यावर तशीच. त्यांनी टोपीकडे पाहिलं आणि बाळाकडे वळल्या. मला चुटपुट लागली. मुलीला म्हटलं, विचार गं त्यांना, ही टोपी घातली तर चालतं का? तिनं विचारल्यावर त्या हसल्या. म्हणाल्या, "माझा भाऊ हाच चेहरा असलेला शर्ट घालतो. त्याला अभिमान वाटतो. मी घालत नाही. आमच्या घरी जेवताना हा विषय काढायचा नाही, असं ठरलंय." थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत, हे बरं केलंत."

मी टोपी काढून पिशवीत ठेवली. त्या रात्री मला झोप लागेना. आणि त्याचं कारण टोपी नव्हती.

साल १९९४. तालुक्याच्या शालेय क्रीडास्पर्धा आमच्या शाळेच्या मैदानावर होत्या. आमच्याकडे एक मुलगा होता, कातकरी वाडीवरचा. अनवाणी धावायचा, आणि असा धावायचा की बघत राहावं. लाउडस्पीकर माझ्याच हातात होता. शंभर मीटर, दोनशे मीटर, चारशे मीटर, तिन्ही त्यानं जिंकल्या. आणि मी दर वेळी ओरडत होतो, "आली, आली, आमची कातकरी एक्स्प्रेस आली!" लोक टाळ्या वाजवत होते. पोरंही तेच ओरडायला लागली. पुढं शाळेत त्याला सगळे 'एक्स्प्रेस'च म्हणायचे, आणि कधी कधी नुसतं 'ए कातकरी'. मला वाटायचं, मी त्या मुलाचा आणि त्याच्या समाजाचा केवढा मान वाढवला. पंधरा वर्षं मला तसंच वाटत होतं.

मायदेशी परत आल्यावर मी त्याला शोधून काढलं. एका आश्रमशाळेत तो नोकरीला लागला होता, दोन मुलांचा बाप. घरी गेलो. चहा झाला. मग मी म्हटलं, "तुला मी तसं ओरडायचो, ते आवडायचं का रे?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, राग नव्हता. तुम्हीच बूट घेऊन दिलेत, मी कसा विसरीन? पण त्या दिवशी आई मैदानाच्या कडेला उभी होती. तिला काही दिसत नव्हतं, गर्दी होती. घरी आल्यावर म्हणाली, मी सारखी कान देऊन ऐकत होते, पण तुझं नाव काही घेतलं नाही. मग मी सांगितलं, अगं, ते माझंच होतं."

श्रोतेहो, यावर काय बोलायचं? त्याला मी कधी विचारलंच नव्हतं. कौतुक करणाऱ्याला हे सुचतच नाही. कौतुकच तर करतोय, त्यात विचारायचं काय, असं वाटतं.

तिकडची गोष्ट पुरी करतो. एप्रिल २००९मध्ये स्पिरिट लेकच्या लोकांनी मतदान केलं, आणि सदुसष्ट टक्के मतं पडली ती नाव ठेवण्याच्या बाजूनं! स्टँडिंग रॉकच्या पंचायतीनं मात्र संमती दिली नाही. दोघांचीही संमती हवी होती. नर्सबाईंच्या घरात जे चाललं होतं, तेच दोन जमातींत. 'त्यांना विचारा' म्हणणं सोपं, पण 'ते' म्हणजे कुणी एक माणूस नसतो. त्यांच्यातही भाऊ असतो, बहीण असते, आणि दोघांचं म्हणणं आपापल्या परीनं खरं असतं.

उच्च शिक्षण मंडळानं २०१० साली नाव सोडायचा निर्णय घेतला. २०११मध्ये राज्याच्या विधिमंडळानं उलटा कायदा केला, की नाव ठेवलंच पाहिजे. त्याच वर्षाच्या अखेरीस तो कायदा मागं घेतला. मग नाव राखू पाहणाऱ्यांनी सह्या गोळा केल्या आणि जून २०१२मध्ये राज्यभर मतदान झालं. या वेळीही सदुसष्ट टक्के, पण नाव सोडण्याच्या बाजूनं. कंटाळले होते लोक, आणि संघाचं नुकसानही दिसत होतं.

पुढची तीन वर्षं संघ बिननावाचा खेळला. नुसतं 'नॉर्थ डकोटा'. २०१५ साली नव्या नावासाठी मतदान झालं. शेवटच्या पाच नावांत एक होतं 'सनडॉग्ज'. कडाक्याच्या थंडीत सूर्याच्या दोन्ही बाजूंना तेजाचे ठिपके दिसतात, त्यांना तिकडे असं म्हणतात. मी ते पाहिलेत, माझं मत त्यालाच गेलं असतं. पण नोव्हेंबरात निवड झाली ती 'फायटिंग हॉक्स'ची, म्हणजे लढवय्ये ससाणे. बोधचिन्ह यायचं होतं. ते येण्याआधीच एप्रिल २०१६मध्ये संघानं अंतिम सामना पाच विरुद्ध एक गोलनं जिंकून आठवं विजेतेपद मिळवलं. छातीवर ना योद्धा होता ना ससाणा. संघ चांगला असला, की बिनचेहऱ्याचाही जिंकतो. ससाण्याचं चिन्ह जूनमध्ये आलं, आणि पुष्कळांनी त्याला नावं ठेवली. नव्या चिन्हाच्या नशिबी ते असतंच.

२०१७ साली आम्ही पुन्हा गेलो. नातू आठ वर्षांचा झाला होता, ससाण्याचा शर्ट घालून फिरत होता. प्रेक्षकांत मात्र जुने शर्ट ढिगानं होते. राष्ट्रगीताच्या शेवटी गर्जना झाली ती जुन्याच नावाची. त्या माणसांना मी दुष्ट म्हणणार नाही. ज्या नावानं वडिलांबरोबर टाळ्या वाजवल्या, ते नाव सोडणं जड जातं. माझ्या तोंडातूनही 'कातकरी एक्स्प्रेस' काही एका दिवसात गेली नव्हती.

आणखी एक गमतीची गोष्ट तिथं कळली. ते जुनं नाव आणि चिन्ह आजही विद्यापीठाच्याच मालकीचं आहे, आणि ते मालकीचं ठेवावंच लागतं. नाही तर कुणीही उठून ते वापरेल. मालकी टिकवायची तर अधूनमधून त्याचे थोडे कपडे विक्रीला काढावे लागतात. घेणं जितकं सोपं होतं, तितकं परत करणं सोपं नाही.

तर अशी ही टोपी. शहाणपण येण्याआधी मी कसा होतो, याची आठवण म्हणून ती खुंटीवर राहू दिली आहे. आपणही शाळेच्या संघांना, मंडळांना, कधी वर्गातल्या पोरांनासुद्धा नावं देतो. प्रेमानं देतो. द्यावीत. फक्त त्याआधी एक वाक्य बोलावं: "तुला असं म्हटलेलं चालेल का?" उत्तर 'हो' आलं, तर नावाची गोडी वाढते. 'नाही' आलं, तर यमक दुसरं शोधावं.

माझ्या त्या विद्यार्थ्याचं नाव मी या भाषणात घेतलेलं नाही. हे भाषण ठरल्यावर मी त्याला फोन केला, "तुझं नाव सांगू का?" तो म्हणाला, "सर, गोष्ट सांगा. नाव राहू द्या." म्हणून राहू दिलं. मात्र गेल्या वर्षी त्याच्या मुलीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता, पाहुणा म्हणून मला बोलावलं होतं. तिथं लाउडस्पीकर पुन्हा एकदा माझ्या हातात आला. त्या मुलीचं नाव मी पूर्ण घेतलं. तिचं, वडिलांचं आणि आडनावासकट. सावकाश, दोनदा. तिची आजी पहिल्या रांगेत बसली होती.